पाय पोचतील तिथवर

प्रतापकाकांनी जॅकेटच्या खिशातून एक काडतूस काढलं, चहाच्या कपाशेजारी उभं केलं आणि ईश्वरला हनुवटीनंच खूण केली, की आता तुझं काढ. ईश्वरनं आपलं काढून शेजारी ठेवलं. डेकवरच्या त्या जुन्या लाकडी टेबलावर दोन्ही पितळी काडतुसं कोवळ्या उन्हात उभी राहिली. एक उंच आणि दांडगं, दुसरं बुटकं, पण टोकाला लांब निमुळती गोळी असलेलं.

"धाकटा भाऊ वाटतो," काका म्हणाले.

"धाकटाच आहे, काका. शंभर वर्षांनी धाकटा."

काका हसले आणि बुटकं काडतूस उचलून चष्म्यापाशी धरून बघत राहिले. याच काडतुसाकडे बघून गेली दोन वर्षं त्यांनी नाक मुरडलं होतं.

या दोघांची ओळखच मुळी भांडणातून झाली होती. ईश्वर मूळचा नागपूरचा, अ‍ॅशबर्नच्या एका डेटा सेंटरमध्ये कामाला. त्याला आकड्यांचं वेड, आणि त्या वेडापायीच तो रायफलच्या नादी लागला. नेमबाजीच्या रेंजवर एकदा गोळी लक्ष्याच्या बाहेर गेली तेव्हा तो स्वतःशीच पुटपुटला, की च्यायला, वाऱ्यानं नेली. शेजारच्या बाकावरून एक म्हातारा अस्खलित मराठीत म्हणाला, की वाऱ्यावर कशाला ढकलतोस, चाप तूच झटकलास. तो म्हातारा म्हणजे डॉक्टर प्रताप. मिरजेत शिकलेले, उभी हयात अमेरिकेतल्या ऑपरेशन थिएटरांत भूल देण्यात घालवलेले आणि निवृत्तीनंतर हर्नडनचं घर मृणालिनीकाकूंवर सोडून वर्षातले सहा महिने या डोंगरातल्या केबिनमध्ये ठाण मांडून बसणारे.

काकांचं काडतूस थर्टी-ऑट-सिक्स. एकोणीसशे सहा साली अमेरिकन फौजेसाठी निघालेलं आणि पुढं शिकाऱ्यांच्या तीन पिढ्यांनी डोक्यावर घेतलेलं. जड गोळी, भरपूर दारू आणि खांद्याला सणसणीत धक्का. ईश्वरचं सिक्स-पॉइंट-फाइव्ह क्रीडमूर या शतकातलं. ते मुळात लांबच्या निशाणेबाजीसाठीच बेतलेलं. गोळी हलकी, पण लांबट, त्यामुळे हवा कापत जाणारी आणि वाऱ्याला सहजी न बधणारी. धक्का तर जवळजवळ निम्माच. ईश्वर आलेख काढून दाखवायचा, की चारशे यार्डांवर आडव्या वाऱ्यात तुमची गोळी माझ्या गोळीपेक्षा वीतभर तरी जास्त सरकते. काका म्हणायचे, की खाली पडण्यात फरक किती, तेही सांग. तो फारसा नसायचा, म्हणून ईश्वर ते पान पटकन उलटायचा. मग काकांचा ठेवणीतला प्रश्न यायचा, की तुझे हे आलेख हरणाला वाचता येतात का. त्यावर ईश्वर आलेखांची वही मिटायचा. त्यानं हरणावर कधी गोळी झाडलीच नव्हती.

आणि झाडणारही नव्हता. रायफल घरी आली त्या दिवशी त्याच्या बायकोनं, सुजातानं, एकच विचारलं होतं, की हे जिवावर नाही ना चालवायचं. कागदावर आणि लोखंडावर, तो म्हणाला होता, आणि तो शब्द त्यानं पाळला होता. दर रविवारी हर्नडनमध्ये भाड्याच्या हॉलमध्ये बुद्धवंदना व्हायची. ईश्वरचा आवाज भारदस्त, म्हणून पंचशील तोच आधी म्हणायचा आणि बाकीचे त्याच्यामागून म्हणायचे. पहिलंच शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचं. शनिवारी रेंजवर जाऊन रविवारी ते म्हणताना त्याची जीभ कधी अडखळली नव्हती, कारण त्याच्या हिशेबात ती दोन खाती वेगळी होती.

काकांचाही एक नियम होता. पाय पोचतील तिथवरच गोळी. ज्याला पाडलं त्याच्यापर्यंत आपण स्वतः चालत जायचं, दुसऱ्याला धाडायचं नाही. पहाटेच खाली ओढ्याकाठी उतरून ओकच्या बुंध्याशी बसायचं, हरीण हाकेच्या अंतरावर येईतो वाट बघायची, नाही आलं तर तसंच परत यायचं. त्यांचं जुनं काडतूस या नियमाला साजेसं होतं. लांब मारायची हावच ते धरू देत नसे.

पण दोन वर्षांपूर्वी काकांचा खुबा बदलला आणि गेल्या हिवाळ्यात उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. ओढा राहिला दूर, डेकच्या पायऱ्यासुद्धा जड जाऊ लागल्या. जुन्या रायफलचा धक्का या खांद्याला चालणार नाही, असं सर्जननं बजावलं होतं. त्यात काकूंनी आणि अनयानं, म्हणजे त्यांच्या मुलीनं, मिळून ठरवून टाकलं, की केबिन विकायची आणि दोघांनी पिस्कॅटवेला अनयाच्या शेजारी राहायला जायचं. केबिनला गिऱ्हाईकही मिळालं. थँक्सगिव्हिंगनंतर किल्ल्या द्यायच्या होत्या. हा इथला शेवटचा हंगाम, आणि गेल्या दोन हंगामांत काका नुसतेच डेकवर बसून पलीकडच्या उतारावरची हरणं मोजत होते.

म्हणूनच मंगळवारी त्यांचा फोन आला तेव्हा ईश्वरला पुढचं सगळं कळून चुकलं. शनिवारी ये, आणि तुझी ती रायफल आण, काका म्हणाले होते. गेल्या दोन वर्षांत त्यांनी तिला त्याची रायफल असं कधी म्हटलं नव्हतं, खेळणं म्हटलं होतं.

"पोचेल?" काकांनी काडतूस परत टेबलावर ठेवत विचारलं. त्यांची नजर ओढ्यापलीकडच्या उतारावर होती. झाडी संपून गवत सुरू होतं त्या कडेला रोज सकाळी हरणं येत.

"चारशे बारा यार्ड. गोळी पोचेल."

काकांनी नजर उतारावरून आपल्या पायांकडे आणली. मग आपल्या गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "मग असं करू. गोळी तुझी, पाय तुझे. माझं फक्त बोट."

ते हसत हसतच म्हणाले, पण नियम मोडताना त्यांना किती जड जात होतं ते ईश्वरला दिसलं. त्याला काकांसाठी भरून आलं. आणि खोटं कशाला, त्याच्या जिवात जीवही आला, कारण बोट काकांचं होतं.

हरणं यायला ऊन चांगलं वर यावं लागलं. तोवर काका वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून बसले होते, दस्ता खांद्याशी अलगद लावून. ईश्वरनं तिवईवरच्या मोठ्या दुर्बिणीतून आधी दोन माद्या पाहिल्या, मग त्यांच्यामागून झाडीबाहेर आलेला एक नर. शिंगं फार मोठी नव्हती. तो चार पावलं चालायचा, थांबायचा, कान फिरवायचा आणि पुन्हा तोंड गवतात घालायचा. चारशे यार्डांवर दोन माणसं त्याच्याबद्दल कुजबुजत आहेत याचा त्याला पत्ता असणं शक्य नव्हतं.

गोळी वाटेत किती खाली येईल तो आकडा फोननं दिला आणि ईश्वरनं तो रायफलवरच्या स्कोपवर फिरवून दिला. वारा मात्र फोनला कळत नाही, तो माणसालाच वाचावा लागतो. डेकवर पान हलत नव्हतं, पण ओढ्यावरचं धुकं उजवीकडून डावीकडे सरकत होतं, आणि पलीकडे गवताची पाती उलट्या बाजूला झुकत होती. ईश्वरनं गणित मनात एकदा केलं, पुन्हा केलं, आणि काकांना सांगितलं, की खांद्याच्या मागे धरा, तिथून वीतभर उजवीकडे. काकांनी धरलं.

"थांबा," ईश्वर म्हणाला.

धुकं जोरात सरकू लागलं होतं. काका थांबले. त्यांचा श्वासही ऐकू येईना. आणि त्या घडीला ईश्वरच्या लक्षात आलं, की सगळं आता आपल्या एका शब्दावर अडलंय. बोट काकांचं, पण ते बोट आपल्या हुकमाची वाट बघतंय. त्याला नुसतं गप्प बसता आलं असतं. हरीण तीन पावलांत झाडीत गेलं असतं, वारा काही पडलाच नाही, असं म्हणता आलं असतं आणि काकांनी ते मुकाट्यानं मानलं असतं.

धुकं मंदावलं. नर आडवा उभा राहिला. ईश्वरला काकांचा तो ऑपरेशन झालेला खांदा दिसला, एवढीशीही थरथर नसलेला. त्याला काकांना द्यायचं होतं, हे खरं होतं. पण त्याच्या आत आणखी एक गोष्ट होती, आणि ती तितकीच खरी होती. आपण वाचलेला वारा बरोबर आहे का, हे त्याला बघायचं होतं.

"आता," तो म्हणाला.

आवाज डोंगरांत घुमत दूर गेला. दुर्बिणीत नरानं एक उंच उडी घेतली, खाली झेप घेत काही ढांगा टाकल्या आणि एका मोठ्या करड्या दगडापाशी तो बसल्यासारखा खाली गेला. माद्या केव्हाच झाडीत गडप झाल्या होत्या. वारा बरोबर वाचला होता.

काकांनी रायफलचा बोल्ट ओढला. रिकामं पितळी कवच डेकच्या फळ्यांवर खणखणत गेलं. "धक्का लागलाच नाही रे," ते म्हणाले, आणि त्यात कौतुक होतं की तक्रार, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग त्यांनी नेहमीच्या रिवाजाप्रमाणे काकूंना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. बोलताना त्यांचा आवाज तरुण झाला होता. पाडलं, ते म्हणाले, पण मी कसलं, ईश्वरनं पाडलं. बंदूक त्याची, आकडे त्याचे, वारा त्यानं वाचला, मी आपला सांगितल्यावर चाप ओढला. एवढ्या लांबून एका गोळीत, मृणाल, तू बघायला हवं होतंस. काका कुणाची स्तुती करायला बसले की हात आखडता घेत नसत, आणि आज तर त्यांनी ओंजळी भरभरून दिली. ईश्वर कठड्याला धरून उभा होता. त्याला कान झाकून घ्यावेसे वाटत होते.

"अगं बाई, ईश्वरनं?" काकू म्हणाल्या. "तो तर मारत नाही ना? सुजाता संध्याकाळी यायचीय माझ्याकडे, तिला सांगू?"

"नको काकू," ईश्वर घाईनं म्हणाला. "मीच सांगेन."

"बरं. आणि पाणी?" हा प्रश्न काकांना होता.

"जातोय," काका म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

ते काठी घेऊन उठले. आतून एक प्लॅस्टिकची बाटली आणली, निळ्या झाकणाची, आणि डेकच्या पायऱ्या उतरू लागले. दुसऱ्या पायरीवर थांबले. समोर सगळा उतार होता, ओल्या पानांचा, खाली ओढा, पुन्हा चढ. ते बराच वेळ तिथं उभे राहिले. ईश्वरनं पुढं होऊन हात दिला नाही, दिला असता तर त्यांना आवडलं नसतं. मग ते तसेच मागं फिरले, खुर्चीत बसले आणि बाटली ईश्वरपुढं धरली.

काका पाडलेल्या हरणाला पाणी पाजतात, हे ईश्वरनं ऐकलं होतं. त्याला ते गंगाजळासारखं काहीतरी वाटत आलं होतं, आणि ते सगळं त्याच्या आजोबांनी छप्पन्न साली नागपुरात मागं टाकलं होतं. बाटली घेण्याआधी त्यानं ते बोलून टाकलं.

"काका, रागावू नका. धार्मिक काही असेल तर मला नाही जमणार."

"नळाचं पाणी आहे," काका म्हणाले.

ते बाटलीचं झाकण उगाच पिळत राहिले. मग बोलले, ईश्वरकडे न बघता. ऑपरेशनच्या आधी माणसं पाणी मागतात, आणि भूल देणाऱ्याला नाही म्हणावं लागतं. घसा कोरडा पडलेला असतो, भीतीनं आणखी कोरडा पडतो, एक घोट द्या म्हणून हात धरतात. तो नियमच आहे आणि बरोबर नियम आहे, नाही पाळला तर माणूस दगावतो.

"उठलात की देतो, म्हणायचो सगळ्यांना," काका म्हणाले. "बहुतेकांना देता आलं."

ईश्वरनं बाटली घेतली.

उतार वरून दिसतो त्यापेक्षा अवघड होता. पानांवरून पाय घसरत होते. ओढ्यात त्याचा एक बूट भिजला. पलीकडचा चढ चढताना त्याला धाप लागली, आणि सारखं वाटत राहिलं, की हे अंतर आपल्याला फोनवर आकड्यात केवढं तोंडपाठ होतं. करड्या दगडापाशी पोचला तेव्हा नर कुशीवर पडलेला होता. डोळे उघडे होते, त्यावर एक वाळकं पान चिकटलं होतं. तो केव्हाच गेला होता.

ईश्वर त्याच्याशेजारी उकिडवा बसला. त्यानं ते पान काढलं. मागं वळून पाहिलं तर केबिन नखाएवढी दिसत होती आणि डेकवर कुणी आहे की नाही तेही कळत नव्हतं. काका ओकच्या बुंध्याशी बसत तेव्हा हरणाला वास येत असेल, चाहूल लागत असेल. कित्येकदा पळूनही गेली असतील. याला काहीच कळलं नसणार. ईश्वरला वाईट वाटलं. त्यात काही गुंतागुंत नव्हती, नुसतं वाईट वाटलं, आणि दोन खात्यांचा तो हिशेब त्याला पुन्हा मांडता येईना.

त्यानं बाटली उघडली. ओठांच्या कडेला बोट घालून तोंड थोडं उघडलं आणि पाणी ओतलं. ते आत गेलं नाही, दुसऱ्या बाजूनं पानांवर सांडलं. त्यानं मान मांडीवर घेतली आणि पुन्हा ओतलं, अगदी थोडं थोडं, ताप आलेल्या पोराला पाजतात तसं. तेही बाहेर आलं. तरी बाटली रिकामी होईपर्यंत तो ओतत राहिला. गुडघ्यापाशी पँट भिजून गार झाली.

खालच्या बाजूनं ट्रॅक्टरचा आवाज आला. पलीकडच्या शेतातला डेल हा काकांचा जुना शेजारी, हरीण उचलून न्यायला तो येणार होता. त्यानं शिकाऱ्यांच्या नारिंगी टोपीला हात लावून ईश्वरला सलाम केला आणि एका गोळीत पडलं का विचारलं. ईश्वरनं मान हलवली आणि तो परतीच्या वाटेला लागला.

डेकवर काका दरीकडे पाठ करून बसले होते, मांडीवर शाल घेऊन. टेबलावर एकच काडतूस उरलं होतं, उंच, जुनं. ईश्वर पायऱ्या चढून आला तरी त्यांनी मान वळवली नाही.

"घेतलं का रे पाणी?"

ईश्वरनं ओला बूट पायरीवर झटकला.

"घेतलं, काका. दोन घोट घेतले."

खोटं न बोलण्याचं शील चौथं. पहिलं गेलं त्याच सकाळी तेही गेलं, आणि या दुसऱ्याचं मात्र त्याला काहीच वाटलं नाही.

काकांनी शालीची घडी केली, ती उलगडली आणि पुन्हा केली. "बरं झालं," ते म्हणाले. मग काठी टेकत उठले, चहा ठेवतो म्हणाले आणि आत गेले.

ईश्वर सामान आवरू लागला. रायफल पेटीत ठेवली, वाळूच्या पिशव्या कोपऱ्यात रचल्या. तिवईवरची दुर्बीण उतरवायला हात घातला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की ती आपण सोडली होती तशी नाही. त्यानं ती वर, झाडीच्या कडेवर रोखून ठेवली होती. आता तिचं तोंड खाली वळलेलं होतं. तो वाकला आणि डोळा लावला.

करडा दगड समोर आला, हात लावावा इतका जवळ. दगडावर निळ्या झाकणाची रिकामी बाटली उभी होती. आणायची राहून गेली होती. शेजारी पानांचा तेवढाच भाग ओला, काळपट दिसत होता, आणि सांडलेलं पाणी कुठून कुठवर गेलं होतं तेही स्पष्ट दिसत होतं. दुर्बीण नीट, सावकाश जुळवलेली होती, भूल देणाऱ्याच्या हातानं.

आत आधण उकळत होतं. काका फोनवर बोलत होते. या वेळी स्पीकर नव्हता, पण दार उघडंच होतं.

"हो, घेतलं त्यानं, दोन घोट," ते सांगत होते. "आणि हे बघ, मघाशी मी उगाच काहीतरी बोललो. सुजाता आली की तिला नीट सांग. हरीण मी पाडलं. ईश्वरनं पाणी पाजलं."

ईश्वर वाकलेलाच राहिला. दुर्बिणीतला दगड हळूहळू धूसर झाला, आणि ती पुन्हा जुळवायला त्यानं हात उचलला नाही.